माळ पडीक नसतो

घाट चढून वर आलं की उजव्या हाताला जो माळ लागतो, तिथे बघण्यासारखं काही नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. त्यामुळेच मी तिथे जायला लागले. बघण्यासारखं काही असलं की पुण्याची माणसं गाड्या काढून पोचतात, भाजलेली कणसं खातात आणि दांडकी तिथेच टाकून परत येतात. ह्या माळावर दांडकी नव्हती. गुडघ्याएवढं गवत, मुरूम, मध्येच एखादी खुरटी बाभूळ आणि वारा.

नोकरी सुटली त्या वर्षातली ही गोष्ट. मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. नट-बोल्टपासून ग्रीसच्या डब्यांपर्यंत जे आत येईल ते मोजायचं, तपासायचं, पोच द्यायची, आणि जे बरोबर नसेल ते लाल मांडणीवर ठेवून परत पाठवायचं. मग परदेशी भागीदार आला. स्टोअर संगणकावर गेलं आणि आम्हा चाळिशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्तीची योजना समजावून सांगण्यात आली. त्यातली स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती आमची. बिबवेवाडीच्या फ्लॅटवर परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी सगळी कपाटं लावली, दुसऱ्या आठवड्यात शेजारणीची लावली, आणि मग लावण्यासारखं काही उरलं नाही म्हणून स्वारगेटहून सकाळची एसटी धरली आणि घाटावर उतरले.

त्या माळावर मी बराच काळ काहीच ओळखत नव्हते. सगळे पक्षी मातीच्या रंगाचे. एक उडाला की कळायचं तो होता. हळूहळू यादी जमली. चंडोल, माळटिटवी, हिवाळ्यात गवतावरून खालून खालून घिरट्या घालणारा ससाणा. (त्याला ससाणा म्हणत नाहीत हे नंतर कळलं, यादीत दुरुस्ती केली.) आणि एका उतारावर, मुरमाच्या बिळाबाहेर, खोकड. कोल्ह्याचा धाकटा भाऊ म्हणावा एवढं, शेपटीचं टोक काळं. पिल्लं बाहेर आली की आई एका उंचवट्यावर बसून माझ्याकडे बघत राहायची. स्टोअरमध्ये नवीन ट्रक ड्रायव्हर आला की मी ज्या नजरेने बघायचे, तीच नजर. मला ती बाई आवडली.

माझी भाची तेव्हा माझ्याकडेच राहत होती. बहिणीची मुलगी, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागलेली. दुर्बीण तिनेच पहिल्या पगारातून घेऊन दिली होती. एका संध्याकाळी ती घरी आली ती मोठ्या उत्साहात.

"मावशी, आमची कंपनी तुझ्या माळावर झाडं लावणार आहे! शनिवारी बसेस आहेत, टी-शर्ट आहेत. तू चल ना, तुला सगळं माहितीये तिथलं."

मी गेले. बसेस खरोखरच होत्या. हिरवे टी-शर्ट, नाश्त्याची खोकी, दोन बांबूंच्या मध्ये ताणलेला फलक: 'चला, पडीक जमीन हिरवी करूया'. खड्डे आधीच्या आठवड्यात जेसीबीने काढून ठेवले होते, ओळीने, दोरी लावून. काम व्यवस्थित होतं, हे मी नाकारणार नाही. त्यातली एक ओळ उतारावरून सरळ खाली गेली होती, आणि बिळाच्या जागी एक खड्डा होता, त्यात गुलमोहराचं रोप उभं करायला एक मुलगा टी-शर्ट सांभाळत वाकला होता.

मी आजूबाजूला फिरून बघितलं. पिल्लं नव्हती. आईही नव्हती.

कामाच्या मुकादमाला विचारलं, "इथेच का खणलं?"

"वरून आलंय मॅडम. कागदावर ही पडीक जमीन आहे."

"इथे खोकडाचं बीळ होतं."

"कागदावर नाही मॅडम."

तो उद्धट नव्हता. त्याच्या हातात नकाशा होता आणि नकाशात माळाच्या जागी पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे ओसाड. मी बघत असलेल्या ह्या जागेवर देशाच्या कागदपत्रांत काहीही राहत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये भाचीने टी-शर्टवरची माती झटकली. मग म्हणाली, "पण मावशी, झाडं लावणं वाईट कसं असेल?"

"विहीर वाईट असते का?"

"नाही."

"मग आपल्या हॉलमध्ये खण एक. पाणी चांगलंच लागेल. बसायचं कुठे ते मग बघू."

तिने खिडकीकडे तोंड केलं. घाट उतरून झाल्यावर हळूच म्हणाली, "ते बीळ मला आधी दाखवायचं होतंस." मी तिला दोनदा बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा तिला ऑफिस होतं. पण त्या दिवशी टोमणा मारण्यात मजा नव्हती.

त्यानंतर दोनच महिन्यांनी केंद्राचा मसुदा आला. तो भाचीलाच इंटरनेटवर सापडला. देशभरात हिरवळ वाढवण्याचं धोरण. एके ठिकाणी रस्त्यासाठी, खाणीसाठी जंगल तोडलं की त्याच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची, आणि ती कुठे लावायची ह्याची यादी शेवटच्या परिशिष्टात. त्यात खडकाळ, झुडपी, क्षारपड आणि चौथा शब्द, गवताळ. हे सगळं 'पडीक'. म्हणजे कुठल्या तरी राज्यात कुणी तरी जंगल तोडणार आणि त्याची भरपाई म्हणून आमचा माळ खणणार. एका फटक्यात दोन जागा जाणार आणि अहवालात हिरवळ वाढलेली दिसणार. माळाचा वरचा सगळा भाग अजून शिल्लक होता. मसुदा मंजूर झाला तर पुढच्या पावसाआधी तोही दोरी लावून खणला जाणार होता. मुकादमाला विचारून मी खात्री केली. तो म्हणाला, "यादी तयार आहे मॅडम, फक्त मंजुरी यायची."

हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. मुदत होती. मी लगेच कामाला लागले. मागणी दोन ओळींची: परिशिष्टातून 'गवताळ' काढा, आणि नैसर्गिक माळरान हे पडीक नसून वन्यजीवांचा अधिवास आहे, असं धोरणातच लिहा. आमच्या माळाला सूट द्या, असं मागायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. सूट एका साहेबाने दिली की दुसरा काढून घेतो. आणि सोलापूरकडच्या माळाने काय पाप केलं होतं?

भाचीने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. तिने आणि तिच्या मित्रांनी एक संकेतस्थळ बनवलं. नाव टाका, बटण दाबा, तयार मजकुराचं पत्र थेट दिल्लीच्या मंत्रालयाला. चार दिवसांत हजारो पत्रं गेली. ती रोज जेवताना आकडा सांगायची आणि आकडा फुगत चाललेला.

मी माझ्या पद्धतीने केलं. एक नेटका मजकूर टाइप केला, वर 'नम्र विनंती', खाली सहीला जागा, प्रती काढल्या आणि गठ्ठा घेऊन नारायण पेठेत मामांकडे गेले. मामा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या गटात निवृत्त प्राध्यापक, शिक्षिका, दुकानदार, सगळी माणसं होती. म्हटलं, आठवड्यात सह्या होतील.

आठवड्याने गठ्ठा परत घ्यायला गेले. मामांनी चहा दिला आणि कागद दिले. मी वरचा कागद बघितला. सगळा मजकूर खोडून बाजूला नवीन लिहिलेला. दुसरा बघितला. अर्धा खोडलेला. तिसऱ्याला मागे दोन पानं जोडलेली.

"मामा, ह्यात एकही कागद जसाच्या तसा नाही."

"नसणारच."

"अहो, फक्त सही करायची होती!"

"दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली सही करायला आम्ही काय लग्नातले साक्षीदार आहोत?" मामा म्हणाले. "आणि ते 'नम्र विनंती' काय लिहिलंस? त्यांनीच हरकती मागवल्यात. हरकत कुणी नम्रपणे घेतं का?"

खरंच, 'नम्र विनंती' जवळजवळ प्रत्येकाने खोडली होती. काहींनी दोन रेघा मारून. निवृत्त प्राध्यापकांनी खाली काळ्या खडकावरच्या पातळ मातीबद्दल लिहून तिथे जंगल कधीच का नव्हतं, ते समजावलं होतं. एका दुकानदारांनी लिहिलं होतं, 'माझ्या दुकानामागची खोली बंद दिसते म्हणून गिऱ्हाईक तिला रिकामी समजतं. ते माझं गोदाम आहे. माळाचंही तसंच असावं, चौकशी करावी.' आणि एका शिक्षिकाबाईंनी तर माझ्याच मागणीवर हरकत घेतली होती: फक्त माळरानच का, नदीकाठचं गवत का नाही?

मी ते बाड घरी आणून बाल्कनीतल्या मांडणीवर टाकलं. लाल नव्हती ती मांडणी, पण मनात लालच. निरनिराळ्या मापाचे बोल्ट एका खोक्यात आले की काय करतात? परत पाठवतात. ह्या लोकांना एका ओळीत उभं करणं शक्य नाही, असं म्हणत मी भाचीच्या आकड्यावर भरवसा ठेवला.

तरी सवय जाईना. माल पाठवला की पोच आली पाहिजे. भाचीच्या हजारो पत्रांची एकही पोच नव्हती. मसुद्याच्या पहिल्या पानावर दिल्लीचा एक फोन नंबर होता. मी तो लावत राहिले, तिसऱ्या दिवशी कुणीतरी उचलला.

"मेल मिल गये ना आपको? बहुत सारे भेजे हैं, पुणे से."

"हाँ हाँ मॅडम, मिल गये. सब एक जैसे हैं ना?"

"हाँ, एक जैसे. हजारो."

"तो एक ही मानेंगे ना मॅडम. एक मजमून, एक सुझाव."

"हजारों लोगों का एक?"

"लोग कितने भी हों मॅडम. सुझाव तो एक है."

आवाज अगदी गोड होता. मी फोन ठेवला आणि भाचीला सांगितलं. ती आधी हसली, मग उभीच राहिली.

"मावशी, इतके मेल गेलेत की त्यांचा सर्व्हर पडला असता."

"पडू दे. पडला तरी एकदाच पडणार."

ती आत जाऊन लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर तो आकडा अजून वाढतच होता. मी बाल्कनीत गेले. मांडणीवरचं बाड खाली उतरवलं आणि एकेक कागद वाचायला घेतला. एकासारखा दुसरा नव्हता. जोडलेली पानं, खोडाखोड, टोमणे, शाईचे डाग, नदीकाठचं गवत. दिल्लीच्या हिशेबाने ह्यातला प्रत्येक कागद वेगळा होता.

मामांना फोन केला. "मामा, अजून किती लोक मिळतील?"

"सह्या करायला एकही नाही," मामा म्हणाले. "दुरुस्त्या करायला म्हणशील तर अख्खी पेठ देतो."

मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. मी नियम केले. मजकूर स्वतःचा. कारण स्वतःचं. शेजाऱ्याचं बघून लिहायचं नाही. शिव्या नकोत, टोमणे चालतील. भाचीने तिच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोरे कागद वाटले आणि तिथे वेगळीच पंचाईत झाली. ह्या मुलांनी वर्षानुवर्षं हाताने काही लिहिलंच नव्हतं.

"मावशी, सगळे विचारतायत, टेम्प्लेट दे ना."

"नाही."

"निदान पहिली लाइन?"

"पहिली लाइनच तर नाही द्यायची."

मग कागद यायला लागले. वरोऱ्याकडच्या एका मुलाने लिहिलं की लहानपणी वडिलांनी खांद्यावर बसवून त्याला माळढोक दाखवला होता, माणसाएवढा वाटला होता, आणि आता स्वतःच्या मुलीला दाखवायला त्याच्याकडे फक्त फोनवरचा फोटो आहे. अकोल्याच्या एकीने लिहिलं की तिच्या गावच्या माळाला सगळे ओसाड म्हणत, पण तिची आजी तिथल्या गवताच्या जोरावर म्हैस पाळत होती. एका कागदावर फक्त एवढंच होतं: 'मी त्या दिवशी हिरवा टी-शर्ट घालून खड्ड्यात झाड लावलं. मला कुणी सांगितलं नाही. आता मी सांगतेय.' तो कागद भाचीने माझ्या हातात दिला आणि लगेच पाणी प्यायला आत गेली. ते तिचंच अक्षर आहे हे मला कळलं होतं. मी तो गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

माळावर मेंढरं घेऊन येणाऱ्या एक बाई होत्या. आमची ओळख म्हणजे रोजचा नमस्कार आणि 'आज लौकर?' एवढीच. त्यांचं म्हणणं नसलेलं निवेदन मला अपुरं वाटत होतं, म्हणून मी कागद घेऊन गेले. त्यांनी मला आधी पूर्ण बोलू दिलं, खोकड, चंडोल, लांडगा, सगळं.

"म्हंजी लांडगं वाचवाया मी अंगठा लावायचा?"

"सही केलीत तरी चालेल."

"सही येती मला." त्या रागावल्या. "पन लांडग्यापायी? माजी दोन कोकरं ह्याच साली नेली त्यानं. आन् तुमी लोक आज लांडगा ठेवाल, उद्या मला म्हनाल, बाई, हितं मेंढरं नको, जनावरं बिचकत्यात."

ह्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, "मग तेच लिहा. मी सांगितलेलं लिहू नका."

त्यांनी विचार केला. मेंढरं पुढे गेली होती, त्यांना एक हाळी दिली. मग म्हणाल्या, "लिवा. खड्डं नकोत. मेंढरू पडतं, पाय मोडतो. तारंचं कुंपन नको. मला हाकलायचं न्हाई. आन् कोकरू गेलं तर पैसं येळंवर द्या, हेलपाटं घालाया लावू नका."

"आणि लांडगा?"

"ऱ्हाऊ द्या. त्यो काय खड्डं खनत न्हाई."

पुण्यात एका सरकारी सभागृहात सुनावणी होती. निवेदनं तिथे हातोहात स्वीकारली जाणार होती. दिल्लीहून एक अधिकारी आले होते, सभ्य, इस्त्रीचा सदरा, मराठी समजणारे. पडद्यावर चित्रं दाखवली. पहिल्या चित्रात मे महिन्यातला तपकिरी माळ, खाली लिहिलेलं 'आधी'. दुसऱ्यात चित्रकाराने काढलेलं दाट जंगल, 'नंतर'. आमच्यातल्या निवृत्त प्राध्यापकांनी मागच्या रांगेतून विचारलं, "हे 'नंतर'चं चित्र केरळचं आहे का?" अधिकाऱ्यांनी पुढचं चित्र लावलं.

निवेदनं घेण्यासाठी दाराजवळ टेबल होतं. तिथल्या कारकुनाने माझ्या पिशव्या बघितल्या.

"ठेवा इथे. एक पोच देतो."

"एक नाही. प्रत्येकाची वेगळी."

"मॅडम, विषय एकच आहे ना?"

"विषय एक. निवेदनं वेगळी. प्रत्येकाला वेगळा आवक क्रमांक पाहिजे."

"अहो, गठ्ठ्याची पोच देतोय ना!"

"मी बावीस वर्षं माल उतरवून घेतलाय," मी म्हटलं. "गठ्ठ्याची पोच म्हणजे गठ्ठ्यात काय होतं ते कुणी बघितलं नाही ह्याचा पुरावा. आणि तुमच्याच दिल्लीच्या ऑफिसने सांगितलंय, एक मजकूर, एक सूचना. तर मजकूर बघा. दोन सारखे सापडले तर एकच क्रमांक द्या, मी तक्रार करणार नाही."

मामा पुढे झाले. "माझं निवेदन माझं आहे. ह्यांचं आणि माझं बरंचसं पटतही नाही."

मागे रांग लागली होती. फिरायला जाणारे सगळे, हिंजवडीची मुलं अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, आणि मेंढरं दिराकडे सोपवून एसटीने आलेल्या त्या बाई. मी पिशव्यांतले कागद ज्याचे त्याला दिले, प्रत्येकाने आपापला हातात धरला. पिशव्या मी घडी घालून पर्समध्ये ठेवल्या.

कारकुनाने अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी उठून आले. "आपण सगळे निसर्गप्रेमी," ते म्हणाले, "आणि झाडं लावायला विरोध करता? विचित्र नाही वाटत?"

"विचित्र आहेच," मी म्हटलं. "जंगल तोडायला जिथे परवानगी दिलीत, तिथेही आम्हाला बोलवा. आम्ही तिथे येऊन झाडांच्या बाजूने भांडू. माळावर गवताच्या बाजूने भांडतोय. जिथे जे आहे, ते राहू द्या, एवढंच म्हणतोय आम्ही. कायदा वाघापुरता करून चालत नाही. खोकडाला कायद्यात नाव आहे, घर नाही."

"मॅडम, आता जेवणाची वेळ झाली आहे."

"आम्ही डबे आणलेत," मामा म्हणाले.

शिक्के पडायला लागले. शाईची गादी सुकली, पाणी घालून ओली केली, पुन्हा सुकली. मधल्या वेळात अधिकारी टेबलाच्या कडेला बसून एक-दोन निवेदनं चाळायला लागले. दुकानदारांचं गोदामाचं वाचून हसले. मग एक वाचताना हसणं थांबलं. कुठलं होतं ते मला दिसलं नाही. मेंढरांच्या बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे, ताई?"

"पोच," बाई म्हणाल्या.

धोरण पुढच्या वर्षी अंतिम झालं. परिशिष्टातून 'गवताळ' गेलं होतं. भाची ऑफिसातून ओरडत फोनवर बोलत होती, मागे आणखी कुणीकुणी ओरडत होतं. शेवटी नवीन ओळ आली होती: नैसर्गिक गवताळ माळरानांवर शक्यतो वृक्षलागवड करू नये.

मी मामांना वाचून दाखवलं. फोनवर पलीकडे पेनाची करकर ऐकू आली.

"मामा?"

"'शक्यतो' कुणी घातलं?"

"दिल्लीने."

"चोरांनी कडी लावली आणि कुलूप उघडं ठेवलं."

त्यांचं खरं ठरायला फार वेळ लागला नाही. उन्हाळा संपत आला तेव्हा मेंढरांच्या बाईंचा शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन आला. "ताई, पिवळं मशिन आलं." मी स्वारगेटला धावले. भाची आदल्या दिवशीच बंगलोरला गेली होती, मामांचे गुडघे दुखत होते. एसटीत उभ्याने गेले.

माळाच्या वरच्या भागात जेसीबी उभा होता. दोरी ताणलेली होती, चुना मारलेला होता. मुकादम तोच. मला बघून त्याने कपाळ चोळलं.

"मॅडम, 'शक्यतो' लिहिलंय. म्हणजे करता येतं."

"येतं. मग इथे न करणं का शक्य नाही, ते लिहून द्या."

"मी कसं लिहून देऊ?"

"तुम्ही नका देऊ. ज्यांनी पाठवलं त्यांनी द्यावं. कारण, सही, तारीख, शिक्का. मिळालं की मी बाजूला होते."

त्याने फोन लावला. बोलला, थांबला, दुसरा नंबर लावला. मी आणि बाई जेसीबीच्या लोखंडी सोंडेच्या सावलीत बसलो, कारण दुसरी सावली तिथे नव्हती. ड्रायव्हरने बाईंकडे तंबाखू मागितली, त्यांनी दिली. दुपारभर मुकादम फोनवर होता. प्रत्येक साहेब दुसऱ्या साहेबाचं नाव सांगत होता. जेसीबी पाठवायला सगळे तयार होते. सही करायला त्यांतला एकही पुढे येत नव्हता. मामांच्या पेठेसारखीच परिस्थिती, फक्त कारण वेगळं.

ऊन कलल्यावर मुकादम माझ्याकडे आला. "लेखी मिळत नाही म्हणतात. सध्या थांबा म्हणाले."

"थांबा म्हणाले, हेही लेखी द्या."

"मॅडम!"

"बरं, तुम्ही लिहा. तुमच्या हाताने. आज आलो, काम न करता परत गेलो. तारीख टाका."

त्याने माझ्याच पेनने, माझ्याच कागदावर लिहिलं. अक्षर चांगलं होतं. मग तो जेसीबीत चढला आणि यंत्र मुरूम उडवत घाटाकडे गेलं. बाईंनी जाता जाता चुन्याची रेघ पायाने मोडली, नीट, टाचेने घासत, अगदी टोकापर्यंत. मी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. दोरी चांगली होती.

खोकड काही दिसलं नाही. मेंढरं वरच्या गवतात पसरली आणि त्यांच्या पायांपुढून चंडोल उडत राहिले.

एसटीला वेळ होता. मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि दगडावर बसून लिहायला घेतलं. विषय: 'शक्यतो' हा शब्द वगळण्याबाबत. खाली काय लिहायचं ते मला माहीत होतं. सवयीने हात 'नम्र' लिहायला गेला. दोन अक्षरं उमटली, ती मी तिथेच खोडली, दोन रेघा मारून.